दोन इंधनांची मोटार

गेल्या जून महिन्यांत नववीच्या वर्गांत पदार्थाच्या अवस्था हा पाठ शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें उठून मला विचारलें, "सर, स्वयंपाकाचा गॅस आणि मोटारीचा गॅस हे एकच का?" "बहुतेक एकच," असें मीं उत्तर दिलें. त्यावर तो म्हणाला, "मग आमच्या व्हॅनवाल्या काकांनीं मागच्या सीटखालीं घरचा लाल सिलिंडर ठेवला आहे, तें बरोबरच आहे म्हणायचें!" वर्ग हंसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं. त्या व्हॅनमधून आपल्या शाळेचीं अकरा मुलें रोज येतात. माझें उत्तर खोटें नव्हतें, पण अर्धें होतें, आणि त्या अर्ध्या उत्तराच्या आधारानें त्या मुलानें काढलेला निष्कर्ष भयंकर होता. तास संपल्यामुळें त्या दिवशीं जें सांगावयाचें राहिलें तें येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे. पालकांनींहि तें वाचावें अशी विनंति आहे. कारण मोटारीचा खर्च तेच करतात, आणि पुष्कळ घरांत तिच्या बटणावर हातहि त्यांचाच असतो.

प्रथम हा गॅस म्हणजे काय तें पाहूं. खनिज तेल शुद्ध करतांना, तसेंच जमिनींतून निघणारा नैसर्गिक वायु साफ करतांना, प्रोपेन आणि ब्यूटेन हे दोन वायु हातीं येतात. त्यांच्या मिश्रणास इंग्रजी आद्याक्षरांवरून एल.पी.जी., म्हणजे द्रवरूप केलेला पेट्रोलियम वायु, असें नांव पडलें आहे. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंश सेल्सिअसवरच उकळूं लागतो व ब्यूटेन शून्याच्या किंचित् खालीं. अर्थात् आपल्या हवेंत हे दोघेहि वायुरूपच असावयाचे. पण त्यांजवर बेताचा दाब दिला कीं ते निमूटपणें द्रव होतात, आणि दाब काढून घेतला कीं पुन्हां वायु होऊन पसरतात. एक लिटर द्रवापासून सुमारें अडीचशें लिटर वायु होतो. म्हणजे एवढें मोठें गांठोडें एका लिटरांत बांधतां येतें, हाच ह्या इंधनाचा मोठा गुण. पानपट्टीच्या दुकानांत मिळणारा पारदर्शक लायटर उजेडासमोर धरून पाहा. आंत पाण्यासारखा जो पदार्थ हलतांना दिसतो तो दाबाखालीं द्रव झालेला ब्यूटेनच होय. (लायटर पाहावा, पेटवूं नये, हें सांगणें शिक्षकाच्या नात्यानें भाग आहे.) हल्लीं रिक्षांना व पुष्कळ मोटारींना जो सी.एन.जी. लागतो तो मात्र निराळा. तो मिथेन वायु असून आपल्या नेहमींच्या उष्णतामानांत तो कितीहि दाबला तरी द्रव होत नाहीं. म्हणून तो हवेच्या सुमारें २०० पट दाबानें कोंबून भरावा लागतो व त्याची टाकीहि तशीच जाड लागते. आपला आजचा विषय एल.पी.जी. हा आहे.

ह्या वायूचा शोध मोटारीच्याच एका गाऱ्हाण्यांतून लागला असें सांगतात. १९१० सालीं अमेरिकेच्या सरकारी खाणखात्यांत वॉल्टर स्नेलिंग नांवाचे एक रसायनशास्त्रज्ञ काम करीत. एका मोटारवाल्यानें त्यांजकडे तक्रार नेली कीं, दुकानांतून घेतलेलें पेट्रोल घरीं पोहोंचेपर्यंत बरेंचसें नाहींसें होतें, व आपण फसविले जात आहों. स्नेलिंगनें थोडें पेट्रोल एका बाटलींत घेतलें, तों बाटलीचें बूच पुन्हां पुन्हां उडूं लागलें. पेट्रोलांतून निसटणारे वायु बूच ढकलीत होते. ते वायु वेगळे करून, दाबून साठविण्याची युक्ति त्यानें काढली, आणि १९१३ सालीं तिचें पेटंटहि त्यास मिळालें. दुकानदार बिचारा निर्दोष होता! आपल्या देशांत हा गॅस घरोघर जाऊं लागला तो १९५५ सालीं मुंबईंत, बर्मा शेल कंपनीच्या 'बर्शेन' ह्या नांवानें. मोटारींत मात्र तो वापरण्यास कायद्याची मोकळीक बऱ्याच उशिरां, म्हणजे मोटार वाहन कायद्यांत २००० सालीं झालेल्या दुरुस्तीनें मिळाली. आणि पुढें २००६ सालीं मारुती कंपनीनें कारखान्यांतूनच दोन्ही इंधनांची सोय केलेली 'वॅगन-आर ड्युओ' ही मोटार बाजारांत आणली.

तथापि एका मोटारीनें दोन इंधनें खावीं ही कल्पना आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें तेव्हां बसगाड्यांच्या पाठीशीं पत्र्याची उंच शेगडी बसवून लोणारी कोळशाच्या गॅसवर त्या चालवीत. माझे आजोबा त्या काळीं अशा गाडीनें प्रवास करीत. ते सांगत कीं, सकाळीं क्लीनर हातपंख्याचें चाक गरगर फिरवून शेगडी फुलवी. गाडी आधीं दोन घोट पेट्रोलवर सुरू होई, मग कोळशाच्या गॅसवर जाई, आणि चढ लागला कीं उतारूंनीं खालीं उतरून चालूं लागावें अशी रीतच पडली होती. आरंभ पेट्रोलवर व पुढील वाट गॅसवर, हा क्रम लक्षांत ठेवा. शेगडी गेली तरी तो क्रम आजहि तसाच आहे. त्याचें कारण आतां पाहूं.

टाकीपासून इंजिनापर्यंत आपण ह्या गॅसाबरोबरच प्रवास करूं. टाकी पोलादी असते. लहान मोटारींत ती मेदुवड्यासारखी वाटोळी असून स्टेपनीच्या जागीं बसते. इतर गाड्यांत ती नळकांड्यासारखी लांबट असून डिकींत आडवी बसविलेली असते. टाकीच्या तोंडाशीं जो व्हॉल्व असतो तो साऱ्या यंत्रणेचा द्वारपाल होय. टाकी शेंकडा ऐंशीं भरली कीं तो आंत येणारा गॅस आपण होऊन बंद करतो. नळी तुटून गॅस एकाएकीं जोरानें सुटूं लागला तर तो वाट अडवितो. टाकींतील दाब मर्यादेबाहेर चढला तर थोडा गॅस बाहेर सोडून टाकी वांचवितो. आंत किती गॅस उरला हें काट्यास तोच कळवितो. ऐंशींचीच मर्यादा कां, असें तुम्ही विचाराल. द्रवरूप गॅसास ऊन लागलें कीं तो पाण्याच्या कित्येक पट फुगतो. टाकी गच्च भरलेली असेल तर ह्या फुगलेल्या द्रवानें जावें कोठें? द्रव पदार्थ दाबून लहान होत नाहीं. मग सारा जोर टाकीच्या पत्र्यावर येतो. वरचा पांचवा हिस्सा मोकळा ठेवला म्हणजे तेथें वायुरूप गॅस उशीसारखा राहतो आणि द्रवास हातपाय पसरावयास जागा मिळते. म्हणून ६० लिटरांच्या टाकींत ४८ लिटरच गॅस मावतो. पंपावरील माणसानें "झाला, साहेब," म्हटल्यावर "अजून थोडा बसवा ना," असा आग्रह धरणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. एप्रिल महिन्यांत सोलापुराकडे दुपारीं चाळीस अंशांवर ऊन तापतें, तेव्हां ह्या आग्रहाचा अर्थ काय होतो तें आतां तुमच्या ध्यानांत आलें असेल.

टाकींतून गॅस निघतो तो वायुरूपानें नव्हे, द्रवरूपानें. ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरणार आहे. तांब्याच्या बारीक नळींतून तो मोटारीच्या पोटाखालून पुढें येतो, विजेनें उघडणाऱ्या एका व्हॉल्वांतून जातो (किल्ली बंद केली कीं हा व्हॉल्व मिटतो), आणि रिड्यूसर नांवाच्या एका डब्यांत शिरतो. तेथें त्याचा दाब उतरतो व द्रवाचा वायु होतो. येथें क्षणभर थांबा. द्रवाचा वायु होण्यास उष्णता लागते, हें आपण शिकलों आहों. माठाच्या अंगावरचें पाणी वाफ होऊन जातांना माठांतील पाण्याची उष्णता घेऊन जातें, म्हणून माठ थंड. घरीं कांहीं कार्य असून मोठी शेगडी तासन् तास चालली तर सिलिंडरचें बूड गार पडून त्याच्यावर घामासारखें दंव सुटतें; आईस विचारा, तिनें तें शंभरदां पाहिलें असेल. मोटारीच्या रिड्यूसरांत हेंच घडतें, आणि फार वेगानें घडतें. त्याला बाहेरून ऊब दिली नाहीं तर तो गोठून त्याच्यावर बर्फ चढेल आणि इंजिनास वायूऐवजीं द्रवाचे थेंब मिळूं लागतील. ही ऊब आणावयाची कोठून? इंजिन थंड ठेवण्यासाठीं जें पाणी त्याच्याभोंवतीं फिरून तापतें, तेंच एका रबरी नळीनें रिड्यूसरभोंवतीं फिरवून आणतात. इंजिनास नको असलेली उष्णता गॅसास हवी असते. दोघांचेंहि काम भागतें. ही जुळणी मला इतकी आवडते कीं वर्गांत ती सांगतांना माझा तास नेहमीं लांबतो.

पण सकाळीं मोटार सुरू करतांना हें पाणी थंडच असतें. म्हणूनच आरंभ पेट्रोलवर करावयाचा. हल्लींच्या किटांत पाणी पुरेसें तापलें कीं यंत्र आपण होऊन गॅसवर जातें आणि बटणावरील दिव्याचा रंग पालटतो. चालकानें पहिलीं दोन-तीन मिनिटें इंजिनावर जोर न देतां शांतपणें गाडी न्यावी, एवढेंच त्याचें कर्तव्य. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मात्र चालकाचें शहाणपण लागतें. त्यांच्या बटणाला तीन जागा असतात: एका बाजूस पेट्रोल, दुसऱ्या बाजूस गॅस, आणि मध्यें दोन्ही बंद. पेट्रोलवरून गॅसवर जातांना बटण आधीं मध्यावर आणावयाचें. कार्ब्युरेटरच्या वाटींत उरलेलें पेट्रोल संपत येऊन इंजिन किंचित् अडखळूं लागलें कीं मग गॅसवर टाकावयाचें. असें न केल्यास दोन्ही इंधनें एकदम आंत जातात, मिश्रण दाट होतें, आणि इंजिन काळा धूर ओकतें किंवा गप्पच बसतें. हा बदल मोकळ्या, सपाट रस्त्यावर करावा. चौकांत किंवा दुसऱ्या गाडीस मागें टाकतांना करूं नये. संध्याकाळीं घरीं येतांना शेवटचा थोडा रस्ता पुन्हां पेट्रोलवर तोडावा, म्हणजे वाटी भरलेली राहून दुसऱ्या दिवशीं सकाळीं कुरकुर होत नाहीं.

एवढें ठाऊक असलेला मनुष्य घाटांत अडकणार नाहीं असें कोणास वाटेल. मी अडकलों. ती हकीकत सांगण्यास संकोच वाटतो, परंतु ती सांगितल्यावांचून ह्या विषयांतील सर्वांत उपयुक्त गोष्ट तुमच्या गळीं उतरावयाची नाहीं.

नाताळच्या सुटींत आईस घेऊन मी वाईहून पांचगणीस निघालों होतों. मोटार जुनी, पण ठीक होती. गॅस स्वस्त पडतो म्हणून दोन महिने मीं पेट्रोलकडे ढुंकूनहि पाहिलें नव्हतें. सकाळीं सुरू करण्यापुरतें तें होतें. काट्याशेजारचा पिंवळा दिवा रोज पेटत होता, आणि रोज दिसणाऱ्या वस्तूप्रमाणें तो मला दिसेनासा झाला होता. पसरणीच्या घाटांत अर्ध्यावर आलों तों गाडीनें हिसके दिले. गॅस संपला होता. गॅसच्या काट्याला चारच दिवे. चढावर द्रव टाकीच्या एका बाजूस जातो आणि ते दिवे कांहीं तरी भलतेंच सांगतात, हें मला माहीत असून मीं त्यांजवर विसंबलों होतों. यंत्र आपण होऊन पेट्रोलवर गेलें, आणि इंजिन जें बंद पडलें तें पुन्हां सुरू होईना. सायंकाळची वेळ, एका हाताला दरी, दुसऱ्या हाताला कडा, आणि वळणावरून एस.टी. गाड्या उतरत होत्या. मीं हातब्रेक ओढला, उतरून चाकांमागें धोंडे लावले, आणि आईस गाडींतून उतरवून कठड्यापाशीं बसविलें. ती कांहीं बोलली नाहीं. शाल घट्ट करून खालच्या वाईच्या दिव्यांकडे पाहत बसली. तिनें रागें भरलें असतें तर मला बरें वाटलें असतें. पाऊण तासानें एका जीपवाल्यानें दोर लावून आम्हांस हळूहळू खालीं वाईस आणून सोडलें.

तेथील मिस्त्रीनें दुसऱ्या दिवशीं पेट्रोलचा पंप काढून माझ्या हातांत दिला. तो जळाला होता. आतांच्या मोटारींत हा विजेचा पंप पेट्रोलच्या टाकींतच बुडवून ठेवलेला असतो. भोंवतालचें पेट्रोल त्यास थंड ठेवतें आणि वंगणाचेंहि काम करतें. माझ्या गाडीसारख्या कित्येक गाड्यांत गॅसवर चालतांनाहि तो फिरतच असतो. टाकी कोरडी पडली कीं तो आपल्याच उष्णतेनें होरपळतो. मिस्त्री म्हणाला, "सर, या गाडीला दोन तोंडं आहेत. एकालाच घास दिला तर दुसरं उपाशी मरणारच." त्याच्या बिलाचा आंकडा येथें लिहीत नाहीं, दोन महिन्यांत गॅसनें जें वांचविलें त्याच्या तो कित्येक पट होता.

तेव्हांपासून मी पेट्रोलची टाकी चौथाईच्या खालीं जाऊं देत नाहीं, आणि आठवड्यांतून एकदां आठ-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर जातों. पेट्रोल फार दिवस सांठून राहिलें तर त्यांतील हलका अंश उडून जातो व चिकट अंश बारीक छिद्रांत बसतो. स्नेलिंगच्या बाटलींत जें घडलें तेंच सावकाश आपल्या टाकींत घडतें. मोठा घाट असेल तर मी पायथ्याशींच पेट्रोलवर येतों. त्यास आणखीहि एक कारण आहे. गॅस वायुरूपानें इंजिनांत शिरतांना हवेची थोडी जागा अडवितो. हवा कमी म्हणजे जोर थोडा कमी. सपाटीवर हें जाणवत नाहीं, भरलेल्या गाडीस चढावर जाणवतें. उलट गॅसाच्या पक्षींहि एक गुण सांगितला पाहिजे: त्याचा ऑक्टेन अंक शंभरावर असतो, आपल्या साध्या पेट्रोलचा त्याहून कमी, म्हणून गॅसवर इंजिन ठोकत नाहीं आणि कानाला गोड चालतें. प्लग मात्र चांगले हवेत. ठिणगी अशक्त असली तर जुन्या तऱ्हेच्या किटांत गॅस अवेळीं पेटून भडका मागें उलटतो, आणि मोठा आवाज होऊन एअर फिल्टरचा डबा फुटतो.

खर्चाचा हिशेब आतां तुम्ही स्वतःच मांडा. तो सातवीच्या मुलासहि जमेल. गॅस किलोनें तोलला तर त्यांत पेट्रोलपेक्षां किंचित् अधिकच उष्णता असते; पण तो वजनानें हलका, लिटरास अर्ध्या किलोहून थोडा जास्त, आणि पंपावर विकतात लिटरनें. म्हणून लिटरमागें गाडी कमी जाते. समजा, एक मोटार पेट्रोलच्या लिटरमागें १६ किलोमीटर जाते आणि गॅसच्या लिटरमागें साडेबारा. हजार किलोमीटरांस पेट्रोल लागेल ६२.५ लिटर, गॅस ८० लिटर. तेव्हां गॅसचा भाव पेट्रोलच्या भावाच्या शेंकडा ७८ हून कमी असेल तरच बचत, एरवीं नाहीं. त्या दिवसाचे दोन्ही भाव घालून पाहा. मग त्यांत सकाळचें पेट्रोल, वर्षांतून एकदां किटाची तपासणी, आणि किट बसविण्याचा मूळ खर्च धरा. ज्याची मोटार महिन्यांत दोनशें किलोमीटरहि फिरत नाहीं त्यानें ह्या भानगडींत पडूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. व्हॅनवाल्याचें तसें नाहीं. त्याची गाडी रोज धांवते. त्याच्या घरची चूलच ह्या हिशेबावर असते.

आतां त्या लाल सिलिंडरकडे वळतों. तो चुलीसाठीं घडविलेला आहे. तो उभा ठेवावयाचा असतो आणि त्याच्या डोक्यावरून फक्त वायु काढावयाचा असतो. मोटारीच्या रिड्यूसरास हवा असतो द्रव. तो मिळावा म्हणून लोक सिलिंडर आडवा किंवा उलटा ठेवतात. मग चुलीच्या नळीसाठीं व रेग्युलेटरसाठीं केलेल्या जोडांतून द्रव वाहूं लागतो. नळी निसटल्यास वाट अडविणारा तो द्वारपाल येथें नाहीं. खड्ड्यांचे हादरे सोसण्यासाठीं सिलिंडर गाडीच्या सांगाड्यास बोल्टांनीं आवळलेला नाहीं. तो सीटखालीं सुतळीनें बांधलेला असतो आणि वर मुलें बसलेलीं असतात. दुसरे कित्येक जण घरच्या सिलिंडरांतून साध्या पंपानें मोटारीच्या टाकींत गॅस ओढतात. अशा चोरट्या भरण्याच्या जागीं स्फोट होऊन माणसें दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात, आणि त्यांत नवल कांहींच नाहीं: गॅस हवेहून दीड ते दोन पट जड असल्यामुळें सांडलेला गॅस वर उडून जात नाहीं, जमिनीलगत पाण्यासारखा पसरतो, खोलींत, गटारांत, तळघरांत सांचतो, आणि पंपाच्या बटणाची एक ठिणगी त्यास पुरे होते. शिवाय घरगुती गॅस व मोटारीचा गॅस ह्यांची मानकें वेगळीं आहेत. त्यांतील प्रोपेन-ब्यूटेनचें प्रमाण सारखें नसतें. घरगुती सिलिंडर मोटारीस लावणें हा कायद्यानें गुन्हाहि आहे. माझ्या "बहुतेक एकच" ह्या उत्तरांतील राहिलेला अर्धा भाग तो हा. फरक गॅसांत थोडा आणि भांड्यांत फार आहे.

मोटारीची टाकी व व्हॉल्व ह्यांस नागपूर येथील पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. किटाची परीक्षा पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या मान्य संस्थेनें केलेली असावी लागते. टाकीची चांचणी दर पांच वर्षांनीं करून घ्यावयाची असते. किट बसविल्यावर आर.टी.ओ. कडे जाऊन नोंदणीपुस्तकांत तसा शेरा मारून घ्यावा, व विमा कंपनीसहि कळवावें. न कळविल्यास अपघातानंतर तिच्या दाराशीं हेलपाटे घालावे लागतात.

गळतीविषयीं थोडेंसें. ह्या गॅसास स्वतःचा वास जवळजवळ नसतो; आपल्याला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नांवाच्या द्रव्याचा. गाडींत तो वास आला तर किल्ली बंद करावी, सर्वांनीं खालीं उतरावें, दारें उघडीं टाकावीं, टाकीवरील हाताचा व्हॉल्व फिरवून बंद करावा. दिव्याचें, पंख्याचें बटण दाबूं नये, मोबाईल काढूं नये. गळती शोधावयाची ती साबणाच्या पाण्यानें. जेथें फुगे येतील तेथें गळती. काडी ओढून पाहणारे शूर लोक अजून आहेत, म्हणून हें लिहावें लागतें. गॅस भरतांना इंजिन बंद, सर्व उतारू खालीं, मुलें पंपापासून दूर.

शेवटीं त्या व्हॅनचें काय झालें तें सांगतों. मी चालकास एकट्यास गांठून बोललों. तो दुष्ट मनुष्य नव्हे. त्याचीं स्वतःचीं दोन मुलें त्याच गाडींत बसतात. तो म्हणाला, "सर, पेट्रोलवर चालवली तर परवडत नाही, आणि महिन्याला शंभर रुपये वाढवा म्हटलं की पालक दुसरी व्हॅन बघतात." हें खरें होतें, आणि तें ऐकावयास मला कोणी पालक म्हणून नव्हे तरी शिक्षक म्हणूनहि अवघडच वाटलें. जुलैच्या पालकसभेंत मीं ही गोष्ट मांडली. सिलिंडरची हकीकत ऐकल्यावर दोन माता उठून उभ्या राहिल्या, एका पित्यानें "इतके दिवस काय झालें?" असें विचारलें, व त्यास कोणीं उत्तर दिलें नाहीं. तासभर वादावादी होऊन भाडें वाढवून देण्याचें ठरलें, आणि सिलिंडर त्याच दिवशीं उतरविला गेला. तीन महिने व्हॅन नुसत्या पेट्रोलवर चालली. दिवाळीनंतर चालकानें रीतसर टाकी व किट बसवून घेतलें, आणि नोंदणीपुस्तकांतील शेरा मला आणून दाखविला.

दर सोमवारीं सकाळीं तो नदीच्या पुलापर्यंत पेट्रोलवर येतो. प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी आतां पुढच्या सीटवर बसतो व एका वहींत किलोमीटर आणि लिटर टिपून ठेवतो. गेल्या महिन्यांत गॅसची सरासरी घसरलेली पाहून त्यानें चालकास एअर फिल्टर उघडावयास लावला. आंत उसाच्या हंगामांतली बोटभर धूळ निघाली.